कापलेली छायाकृती ओळखू का येत नाही?

कातरवेळ
नमस्कार मंडळी. काळ्या कागदातून बाजूचा चेहरा कापून छायाकृती करायची, याबद्दल विचारायचं आहे. पद्धत नेहमीचीच आहे: मोबाइलवर बाजूने फोटो, डोकं साधारण ७ सेमी उंच येईल असा प्रिंट, तो काळ्या कार्डशीटवर चिकटपट्टीने बसवून दोन्ही थर एकदम कापायचे. कड स्वच्छ येते. नाक नाकासारखं, हनुवटी हनुवटीसारखी. पण होतो तो "एका माणसाचा" चेहरा, "त्या" माणसाचा होत नाही. ओळख नेमकी कुठे निसटते? शिवाय कात्री बरी की ब्लेड, आणि कार्डशीटच्या कडेला दिसणारी पांढरट रेघ कशी टाळायची? जाणकारांनी हात आखडता न घेता लिहावं.

टोकदार
आधी हिशेब बघा. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२ सेमी. तुमची आकृती ७ सेमी. म्हणजे प्रमाण जवळपास एकास तीन. कागदावरचा १ मिमी म्हणजे चेहऱ्यावरचे ३ मिमी. कुणाचाही खालचा ओठ ३ मिमी पुढे आणा, माणूस बदलतो. आणि बोथट पेन्सिलची रेघच अर्धा मिमी जाड असते. ती कधी आतून कापली, कधी बाहेरून कापली, की दीड मिमीची चूक घरातच झाली.

म्हणून नियम एकच ठेवा: रेघ ०.३ मिमीच्या यांत्रिक पेन्सिलने काढा आणि पूर्ण आकृतीभर रेघेच्या आतल्या कडेनेच कापा, रेघ टाकाऊ भागात गेली पाहिजे. मध्येच बाजू बदललीत की संपलं. सरळ प्रिंटवर कापत असाल तर गडद भागाची कड हीच रेघ, तिच्याबाहेर केसभरही पांढरं ठेवायचं नाही.

मोरपंखी
वाचनखूण साठवली आहे. धागाकर्त्याचं नाव विषयाला इतकं चपखल बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. फक्त कातरकाम कातरवेळी करू नका, दिवा लावून बसा. :)

चौकट
टोकदार यांचं म्हणणं बरोबर, पण चूक त्याच्याही आधी होते. कात्री हातात घेण्यापूर्वीच ओळख गेलेली असते, आणि ती फोटोत जाते.

मोबाइल अर्ध्या मीटरवर धरला आणि चौकटीचा मध्य कानावर ठेवला, तर काय होतं? कानाच्या रेषेपासून नाकाची रेषा साधारण १० सेमी पुढे. इतक्या जवळून कॅमेरा नाकाकडे सरळ बघत नाही, सुमारे ११ अंश तिरकं, किंचित मागून बघतो. मग जवळच्या भुवईचा उंचवटा नाकाच्या मुळाशी असलेला खळगा झाकून टाकतो. गाल ओठांच्या कोपऱ्यावर येतो. जवळचा खांदा अवाढव्य दिसतो. तो खळगा गेला की सगळ्यांची नाकं एकाच साच्यातली वाटतात.

उपाय: अडीच मीटर मागे जा आणि झूम करा. तिरपेपणा सव्वादोन अंशांवर येतो. शिवाय चौकटीचा मध्य कानावर न ठेवता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या थोडा पुढे ठेवा, म्हणजे तोही उरत नाही. कॅमेऱ्याची उंची डोळ्याइतकी. खालून काढला तर हनुवटी जड होते, वरून काढला तर कपाळ.

चेहरा अचूक बाजूला वळलाय की नाही, याची खूण म्हणजे पलीकडची पापणी. ती दिसली तर चेहरा तुमच्याकडे वळलाय. पापणी दिसत नाही, पण नाकाच्या मुळाचा खळगाही सपाट वाटतोय, तर पलीकडे वळलाय.

भिंगरी
मानेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कानाचं छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. फोटो काढताना बहुतेक लोक हनुवटी उचलतात, त्याने गळा आणि जबडा यांच्यामधला कोन बदलतो. तो कोन लांबूनही ओळखू येतो, म्हणून तो जपायचा. दात एकमेकांवर दाबायचे नाहीत, ओठ नुसते मिटलेले. हसरा चेहरा छायाकृतीत हसरा दिसत नाही, नुसता वरचा ओठ पातळ होतो.

आणि केस कानामागे ओढून बसवू नका. रोज जसे असतात तसेच ठेवा. लोक माणसाला पाठमोऱ्या केसांवरूनही ओळखतात.

शाईचा डाग
फोटो हवाच कशाला? सावली आखा. या कलेचा जन्मच तिथला. अठराव्या शतकात युरोपात यासाठी खास खुर्ची वापरत: बाजूला चौकट, चौकटीत तेल लावून पारदर्शक केलेला कागद, एका बाजूला मेणबत्ती आणि बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला चित्रकार. चित्रकार मागच्या बाजूला असल्यामुळे त्याच्या हाताची सावली रेघेवर पडत नसे. घरी हेच बटर पेपर आणि खिडकीच्या काचेवर जमतं. कागद काचेवर चिकटवा, माणूस आत, आखणारा बाहेर.

सावलीची कड धूसर येते अशी तक्रार असते. कारण दिव्याचा आकार. धूसर पट्ट्याची रुंदी = दिव्याची रुंदी × चेहरा ते कागद अंतर ÷ दिवा ते चेहरा अंतर. खांदा कागदाला टेकवून बसल्यावर नाकाची रेषा कागदापासून साधारण २० सेमी येते. दिवा अडीच मीटरवर. ६ सेमीचा दुधी बल्ब असेल तर धूसर पट्टा जवळपास ५ मिमी, म्हणजे रेघ कुठे मारायची तेच कळणार नाही. तेच मोबाइलच्या फ्लॅशचा ३ मिमीचा ठिपका घेतला तर पट्टा पाव मिमी. सावली आठ टक्के मोठी पडते, पण नाक, ओठ, हनुवटी सगळं एकाच प्रमाणात, म्हणून साम्य बिघडत नाही.

खोलीतले बाकीचे दिवे बंद. दिवा नाकाच्या उंचीवर, आणि चौकट यांनी कॅमेऱ्याबद्दल सांगितलं तेच इथेही: कानासमोर नाही, नाकाच्या रेषेसमोर.

चौकट
@शाईचा डाग, सूत्र आवडलं. पण सावली आखेपर्यंत माणूस हलतो, त्याचं काय? फोटो क्षणात होतो.

शाईचा डाग
डोकं उंच पाठीच्या खुर्चीला टेकवायचं आणि क्रम ठरवून आखायचं. नाकाचं मूळ ते हनुवटी हा भाग आधी, अर्ध्या मिनिटात. मग विश्रांती. डोक्याचा मागचा भाग आणि मान नंतर, तिथे दोन-तीन मिमी चुकले तरी मूळ आकारात काही बिघडत नाही. लहान मुलं मात्र अर्धं मिनिटही बसत नाहीत, तिथे फोटोच. इतकं मान्य.

अनुस्वार
मूळ आकाराची सावली लहान करायची कशी, तेही लिहा. पॅन्टोग्राफ (चित्र लहान-मोठं करून उतरवणारं जोडपट्ट्यांचं साधन) घरात असतो कुणाकडे?

शाईचा डाग
चौकटी पाडून. मोठ्या कागदावर ३ सेमीच्या, लहान कागदावर १ सेमीच्या. नाक ते हनुवटी या पट्ट्यात त्याच चौकटींचे आणखी दोन-दोन भाग करा. किंवा आखलेल्या कागदाचा लांबून सरळ समोरून फोटो काढून हव्या त्या मापात छापा.

पॅन्टोग्राफचा विषय निघालाच आहे तर: १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये जिल-लुई क्रेतियाँ याने चेहऱ्याची बाह्यरेषा यंत्राने उतरवण्याची युक्ती काढली. पुढे अमेरिकेत जॉन आयझॅक हॉकिन्सच्या यंत्रात चेहऱ्याला स्पर्श करत फिरणारी पट्टी होती आणि तिला जोडलेला पॅन्टोग्राफ तीच रेषा लहान करून कागदावर उमटवी. फिलाडेल्फियातल्या चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात हे यंत्र होतं. तिथे कापण्याचं काम मोझेस विल्यम्स करत. पील यांच्या घरी गुलामगिरीत वाढलेले विल्यम्स १८०२ मध्ये मुक्त झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी आठ हजारांहून जास्त आकृत्या कापल्या. रेषा यंत्राची असली तरी पापणीचा कंगोरा आणि केसांची बट कात्रीचीच. यंत्राला तेवढं जमत नव्हतं.

पाचवा कोपरा
विल्यम्स यांच्या आकृत्या "पोकळ" असत, हे महत्त्वाचं. म्हणजे पांढऱ्या कागदातून चेहरा कापून काढून टाकायचा आणि उरलेल्या पांढऱ्या चौकटीमागे काळा कागद लावायचा. कागद घडी घालून चार प्रती एकदम.

नवशिक्यांनी हीच पद्धत आधी करावी असं माझं ठाम मत आहे. कापताना बाहेरचा पूर्ण कागद ताठ राहतो, पापणी वाकत नाही, चिकटवताना नाजूक टोकांना हात लागत नाही. पांढऱ्या कडेचा प्रश्नच मिटला, कारण कड पांढऱ्याच कागदाची. अडचण एकच. मान आणि अंबाडा यांच्यामधली फट, चष्म्याच्या काडीखालची मोकळी जागा, असे पांढरे तुकडे सुटे होतात. ते वेगळे चिकटवावे लागतात. म्हणून मोकळे केस, वेण्या, चष्मा असेल तर काळ्या कागदाची पद्धत. आखूड केस किंवा टक्कल असेल तर पोकळ.

टोकदार
@पाचवा कोपरा, असहमत. पोकळ पद्धतीत ब्लेडशिवाय पर्याय नाही, कारण कात्री आत शिरवायला भोक पाडावं लागतं आणि वळणं अडखळतात. आणि छायाकृतीचा प्राण कात्रीच्या सलग वळणात आहे. ब्लेडने कपाळाची लांब वक्ररेषा चार तुकड्यांत होते आणि जोड दिसतात. फ्रेंच छायाकृतीकार ऑग्युस्त एदुआर (१७८९–१८६१) निव्वळ कात्रीने, समोर बघून, आखणी न करता कापत असे. यंत्राला आणि वर सोनेरी रेघा ओढण्याला त्याचा विरोध होता. कागद दुमडून एक प्रत तो स्वतःकडे ठेवी.

कात्रीबद्दल सविस्तर:

लांबी १० ते ११ सेमी, पाती लहान आणि टोकं अणकुचीदार. भरतकामाची किंवा शस्त्रक्रियेची बारीक कात्री उत्तम. कापड किंवा चिकटपट्टी त्याच कात्रीने कापू नका. गोंद पात्यावर बसला की कागद ओढला जातो.

कोपर अंगाला टेकवा, कात्रीचा हात स्थिर, फिरतो तो कागद. पाती कधीच पूर्ण मिटायची नाहीत, टोकाकडचे ५-६ मिमी उघडे असतानाच पुन्हा उघडायची. मिटलीत की त्या जागी बारीक खाच पडते. कपाळावर दातेरी कड दिसते ती यामुळेच.

उजव्या हाताने कापणाऱ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने जायचं, म्हणजे आकृती डाव्या हातात राहते आणि टाकाऊ भाग उजवीकडे गळतो. यावरून सुरुवात कुठून करायची तेही ठरतं. आखलेला चेहरा उजवीकडे बघत असेल तर छातीपासून वर: गळा, हनुवटी, ओठ, नाक, कपाळ. डावीकडे बघत असेल तर कपाळापासून खाली. डावखुऱ्यांनी सगळं उलट.

नाकाखालचा कोपरा, ओठांमधली फट, हनुवटीवरचा खळगा, इथे कात्री वळवू नका. एका बाजूने कोपऱ्यापर्यंत या, कात्री मागे घ्या, दुसऱ्या बाजूने येऊन त्याच बिंदूवर मिळा. वळवायला गेलात की कोपरा गोल होतो आणि ओठ सुजलेले दिसतात.

भिंगरी
शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. गोल झालेले कोपरे हे ओळख हरवण्याचं मोठं कारण आहे. चेहऱ्याची बाह्यरेषा आपण समजतो तितकी गोलाई असलेली नसते. नाकाचा शेंडा बघा, बहुतेकांच्या शेंड्यावर दोन बारीक कोन असतात, अर्धगोल क्वचित.

ब्लेडवाल्यांसाठी माझ्याकडून: शस्त्रक्रियेच्या सुरीचं ११ नंबरचं पातं, ३ नंबरची मूठ. पातं कोपऱ्यात टोचून बाहेरच्या दिशेने ओढायचं. बाहेरून कोपऱ्याकडे आलात तर पुढे जादा काप जातो. एका दमात जोर लावू नका, हलक्या हाताने दोनदा. वळणावर पातं जवळजवळ उभं धरा आणि कागद फिरवा. कडेला लव दिसायला लागली की पातं बदला, धार लावत बसू नका. जुनी पाती झाकणाच्या डबीत, केरात मोकळी नाही. मुलांच्या हाती ब्लेड देऊ नका, त्यांना पोकळ पद्धतीऐवजी साधी कात्री आणि १२ सेमीचा मोठा चेहरा द्या.

आणि वाद थोडक्यात मिटवायचा तर: बाह्यरेषा कात्रीने, आतल्या फटी ब्लेडने. फटी आधी, बाह्यरेषा नंतर, म्हणजे धरायला कागद शिल्लक असतो.

कातरवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो अर्ध्या मीटरवरूनच काढला जात होता, आणि मध्य कानावर. कागदाबद्दलही कुणी सांगा ना. आणि दोन थर कापताना प्रिंट सरकतो.

उंबरठा
कागदाचं मी सांगतो.

कार्डशीट जाड आहे, २०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुढे. त्यात बारीक वळण कात्रीने निघत नाही. ८० ते १२० जीएसएम घ्या. पांढरी रेघ येते कारण काळा रंग फक्त पृष्ठभागावर छापलेला असतो, गाभा पांढरा. लगद्यातच रंगवलेला कागद मागा. ओळखायचं कसं? कोपरा फाडून बघा, तंतू काळे असले पाहिजेत. पांढऱ्या गाभ्याचाच कागद हाताशी असेल तर कापताना पातं किंचित तिरकं धरा, कड आकृतीच्या खाली आत जाईल. कडेला काळं पेन फिरवू नका, शाई तंतूंमधून पसरते.

एका बाजूने काळा आणि मागे पांढरा कागदही चांगला, मागच्या बाजूला आखता येतं. फक्त तेव्हा आकृती उलट दिशेला बघणार. भांग, तीळ, केसांचं वळण बाजू सांगत असेल तर फोटो आधी आडवा उलटवून छापा.

थर सरकू नयेत म्हणून चिकटपट्टी पुरत नाही. आकृतीच्या बाहेर, सगळ्या बाजूंनी सेंटीमीटरभर अंतर सोडून पाच-सहा स्टेपल मारा. कापत जाल तशी पकड सुटते, म्हणून नाक-ओठ-हनुवटी आधी कापून घ्या.

चिकटवताना सगळ्यात जास्त आकृत्या वाया जातात. पातळ पांढरा डिंक लावला की कागद ओला होऊन आडव्या दिशेने फुगतो, वाळताना सुरकुत्या राहतात. कागदाचे तंतू एका दिशेला असतात. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या घडीच्या रेषेला समांतर तंतू. काळा कागद आणि मागचा पांढरा कागद, दोघांचे तंतू एकाच दिशेला ठेवा.

चिकटवायला घट्ट खळ उत्तम. एक भाग कॉर्नफ्लोअर, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करून फडक्यातून गाळा. दोन-तीन दिवसांत संपवा. टिकावी म्हणून बुकबाइंडर मोरचूद घालतात, ते इथे नको; तांब्यामुळे कागद कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ होतो. आकृती पालथी रद्दीवर ठेवून मध्यापासून बाहेर पातळ हात फिरवा. पापणी आणि केसांच्या बटांना खळ लावूच नका, त्या मोकळ्याच छान दिसतात. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर.

अनुस्वार
चष्म्याचं काय करायचं? काढायला लावायचा?

पाचवा कोपरा
रोज घालणाऱ्याचा काढू नका, ओळख त्यात आहे. पण पूर्ण फ्रेम कापायचा मोह टाळा. नाकाच्या मुळापुढे भिंगाची कड जेवढी बाहेर डोकावते तेवढीच कापायची, १ मिमीची चिंचोळी पट्टी, वर भुवईला आणि खाली गालाला जोडलेली. मध्ये ब्लेडने एक फट. फट अर्ध्या मिमीहून रुंद नको, नाहीतर डोळा खोल गेल्यासारखा वाटतो.

पापणीचंही तसंच. एक बारीक टोक, अर्धा-पाऊण मिमी. पंखा करू नका. पुरुषांच्या आकृतीत लोक पापणी गाळतात, तेही चूक.

मोरपंखी
लहान मुलांची आकृती नेहमी प्रौढ का दिसते? वय सगळ्यात आधी चुकतं.

भिंगरी
कारण आपण नकळत नाकाचं हाड सरळ करतो. मुलांचं कपाळ पुढे गोल आलेलं, नाकाचं मूळ खोल, नाकाचा दांडा आत वळलेला, हनुवटी मागे, मान बारीक. वरचा ओठ बऱ्याचदा खालच्या ओठाच्या पुढे. आणि डोक्याचा मागचा भाग चेहऱ्याच्या मानाने खूप मोठा. तो कापताना कंजुषी होते. मोठ्यांच्या बाबतीतही बाजूने बघितल्यावर डोक्याची खोली उंचीच्या थोडीच कमी असते, तरी नवशिके मागचा भाग सपाट कापतात. केसांचा फुगवटा वेगळा.

चौकट
मूळ प्रश्नाकडे येऊ. कातरवेळ, नवीन फोटोवरून कापून झाल्यावर ओळख पटते का, ते घरातल्यांना विचारण्याआधी एक तपासणी करा. छायाकृती ताठ हाताच्या अंतरावर धरा आणि डोळे किलकिले करा. जवळून आपण कड बघतो, चेहरा बघत नाही.

कातरवेळ
अडीच मीटरवरून, डोळ्याच्या कोपऱ्यापुढे मध्य ठेवून काढलेला फोटो, १०० जीएसएमचा काळा कागद, स्टेपल, कात्री न मिटता. फरक मोठा आहे. नाकाचा खळगा पहिल्यांदाच दिसला आणि कपाळ ते नाक अगदी ओळखीचं. ओठांपाशी अजून काहीतरी निसटतंय, पण किती आणि कुठे ते सापडत नाही.

टोकदार
उरलेला टाकाऊ कागद फेकलात का? नसेल तर तो शोधा. त्याच मापात फोटोचा आणखी एक प्रिंट काढा आणि कापलेल्या आकृतीऐवजी ती उरलेली पोकळ चौकट प्रिंटवर ठेवा, कपाळ ते नाक जुळवून. ओठांपाशी फोटोतली पांढरी पार्श्वभूमी भोकात डोकावत असेल तर तिथे रेघेच्या बाहेर गेलात, आकृती जाड झाली. चौकट फोटोतल्या ओठावर चढली असेल तर जादा कापलं. जाड झालेलं आत्ताच दुरुस्त होतं, त्या जागी पेन्सिलची खूण करा आणि कात्रीच्या टोकाने तेवढंच घ्या. जादा कापलेलं परत येत नाही, त्यासाठी पुढच्या खेपेला नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत पाव मिमी जास्त ठेवून कापा आणि चिकटवण्याआधी हीच तपासणी करून शेवटचा हात फिरवा.